दारिद्र्याला ठराव, व्यापाराला करार

दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना, म्हणजे सार्क, मेली आणि ते बरेच झाले, असा सूर गेली काही वर्षे दिल्लीच्या सत्तावर्तुळातून व त्या वर्तुळाभोवती घोटाळणाऱ्या वृत्तपत्रांतून निघत आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात काठमांडूला अठरावी शिखर परिषद झाली. त्यानंतर परिषद भरलेली नाही. २०१६ साली इस्लामाबादला भरावयाची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर भारताने नाकारली, पाठोपाठ बांगलादेश, भूतान व अफगाणिस्तान यांनीही अंग काढून घेतले, आणि तेव्हापासून संघटनेचे काठमांडूतील सचिवालय जुन्या घोषणापत्रांच्या थप्प्या सांभाळीत बसले आहे. ज्यांना हे इष्ट वाटते त्यांचा युक्तिवाद साधा आहे: पाकिस्तान जेथे सभासद आहे आणि जेथे प्रत्येक निर्णय एकमताने घ्यावा लागतो तेथे काही घडणे शक्य नाही, तेव्हा पाकिस्तानला वगळून बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा 'बिमस्टेक' हा गट बळकट करावा, म्हणजे काम भागले.

या युक्तिवादात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. उरी, पुलवामा आणि २०२५ च्या एप्रिलात पहलगाम येथे झालेली २६ निरपराध माणसांची हत्या यांनंतर पाकिस्तानच्या लष्करशाहीविषयी कोणाला भाबडेपणा परवडणारा नाही. भारताने १९९६ सालीच त्या देशाला सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचा दर्जा दिला होता. पाकिस्तानने तो कधीच परत दिला नाही. २०१४ साली काठमांडूत मोटारवाहतूक व रेल्वे यांचे दोन करार सहीसाठी तयार होते, ते पाकिस्ताननेच अडवले. हे सारे खरे आहे. परंतु यावरून सार्कचे अपयश हे केवळ पाकिस्तानचे पाप ठरते काय? बिमस्टेकचाच इतिहास याचे उत्तर देतो. हा गट १९९७ साली बँकॉकला स्थापन झाला. त्यात पाकिस्तान नाही. मुक्त व्यापाराचा चौकट-करार २००४ साली झाला, आणि प्रत्यक्ष मुक्त व्यापार अद्याप व्हावयाचा आहे. गटाची सनद तयार व्हायला २०२२ साल उजाडले. अठ्ठावीस वर्षांत शिखर परिषदा झाल्या अवघ्या सहा. ज्या रोगाला पाकिस्तान हे नाव देण्यात येते तो रोग पाकिस्तान नसलेल्या शरीरातही तसाच दिसत असेल, तर वैद्याने निदान पुन्हा तपासावयास नको काय?

निदान तपासायचे तर जन्मापासून सुरुवात केली पाहिजे. प्रादेशिक सहकार्याची सूचना १९८० साली बांगलादेशचे अध्यक्ष झियाउर रहमान यांनी मांडली. लहान देशांना या व्यासपीठाची ओढ होती, कारण भारतापुढे एकेकट्याने उभे राहण्यापेक्षा एका मेजाभोवती बसणे त्यांना सोयीचे होते. नेमक्या याच कारणाने दिल्लीला ती सूचना संशयास्पद वाटली, आणि हे सारे लहान देश भारताच्या आडून एक होतील म्हणून इस्लामाबादही साशंक होते. पाच वर्षे सचिव-पातळीवरचा खल चालला, आणि ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्याला जी सनद संमत झाली तिच्या दहाव्या कलमात दोन्ही संशय एकदम नांदू लागले. सर्व पातळ्यांवरील निर्णय एकमताने होतील. आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळले जातील.

या दुसऱ्या वाक्याचा अर्थ राज्यशास्त्राच्या पुस्तकात नीट कळत नाही. तो कळण्यासाठी पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जावे लागते. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सर क्रीकजवळ समुद्रावर रेघ मारलेली नसते. बोट पकडली जाते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात जातो. तसाच कराचीचा कोळी गुजरातच्या तुरुंगात येतो. दोन्ही सरकारे दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांच्या हाती देतात आणि शिष्टाचार पाळल्याचे समाधान मानतात. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची एक समिती २००७ साली नेमली होती, ती तुरुंगांना भेटी देत असे, शिक्षा संपलेल्यांना सोडण्याची शिफारस करीत असे. २०१३ नंतर तिचेही काम थांबले. हा प्रश्न द्विपक्षीय, म्हणून सार्कच्या कक्षेबाहेर. तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्या मच्छीमारांचा तंटा द्विपक्षीय. तिस्तेचे पाणी द्विपक्षीय. कोसीचा पूर द्विपक्षीय. या उपखंडातील गरिबाच्या पोटाशी आणि जीविताशी निगडित असलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न कोणत्या तरी दोन देशांमधला आहे, आणि म्हणून तो बोलायचा नाही! उरले काय? हवामानशास्त्र, टपाल, क्रीडा, आणि परिसंवाद.

उरलेल्यातही दारिद्र्यनिर्मूलनाचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे, कारण संघटनेचा वर्गस्वभाव तेथे उघडा पडतो. १९९१ च्या डिसेंबरात कोलंबोच्या परिषदेने दारिद्र्यनिवारणासाठी एक स्वतंत्र दक्षिण आशियाई आयोग नेमला. नेपाळी काँग्रेसचे ज्येष्ठ नेते कृष्णप्रसाद भट्टराई त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १९९२ साली दिलेला अहवाल सरकारी छापाचा नव्हता. गरीब माणूस हा मदतीचा धनी नसून विकासाचा कर्ता आहे, त्याला संघटित केल्यावाचून कोणतीही योजना त्याच्यापर्यंत पोचणार नाही, असे त्याचे मुख्य सूत्र होते. तो अहवाल १९९२ च्या डिसेंबरात ढाक्याच्या शिखर परिषदेपुढे यावयाचा होता. ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली, उपखंडभर दंगली पेटल्या, आणि परिषद पुढे ढकलावी लागली. ती भरली १९९३ च्या एप्रिलात. तेथे अहवालाचे स्वागत झाले, शक्यतो २००२ सालापर्यंत दारिद्र्य नष्ट करण्याचा संकल्प घोषित झाला, त्याला टाळ्याही पडल्या असतील. त्याच परिषदेत प्राधान्य-व्यापाराचा करार झाला. दारिद्र्याला घोषणा मिळाली आणि व्यापाराला करार मिळाला. घोषणेला मुदत होती पण बंधन नव्हते. कराराला कलमे होती, याद्या होत्या, बैठकांचे वेळापत्रक होते. १९९५ च्या डिसेंबरात करार अमलात आला. २००२ साल आले आणि गेले.

पुढे २००४ च्या जानेवारीत इस्लामाबादला हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. एकाच परिषदेत सामाजिक सनद आणि मुक्त व्यापाराचा करार, दोन्हींवर सह्या झाल्या. सामाजिक सनदेत दारिद्र्य, आरोग्य, शिक्षण, स्त्रिया, मुले, लोकसंख्या आणि व्यसनमुक्ती यांना स्वतंत्र कलमे आहेत. कामगाराला नाही. ज्या प्रदेशात कोट्यवधी माणसे बिगर-संघटित धंद्यांत राबतात त्या प्रदेशाच्या सामाजिक सनदेत संघटनेच्या हक्काला एक कलमही मिळू नये, याला विस्मरण म्हणता येत नाही. मुक्त व्यापाराच्या करारात मात्र जकात कमी झाल्याने अविकसित देशांच्या तिजोरीला बसणारी तूट काही वर्षे भरून देण्याची तरतूद आहे. तिजोरीची तूट भरून निघावी. पण स्वस्त मालामुळे ज्याचा माग बंद पडेल त्या विणकराची तूट? तिला करारात शब्द नाही. युरोपने १९५१ साली कोळसा व पोलाद यांचा समुदाय उभा केला तेव्हा, भांडवलदारी युरोपने हे ध्यानात घ्यावे, बंद पडणाऱ्या खाणींतील मजुरांना निर्वाह व नवे शिक्षण देण्यासाठी पैसा बाजूला काढण्याचे कलम मूळ करारातच होते. तेथे कामगार संघटना मेजाशी बसल्या होत्या. सार्कने व्यापारी व उद्योगपतींच्या चेंबरला १९९२ सालीच शिखर संस्था म्हणून मान्यता दिली. वकिलांना दिली, हिशेबनिसांना दिली. शिखर संस्थांच्या यादीत कामगारांचा महासंघ शोधून सापडत नाही.

आणि इतके लाड करूनही व्यापार वाढला काय? सार्क देशांचा आपसातील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्क्यांवर अडखळत राहिला आहे. आग्नेय आशियाच्या 'आसियान'चे प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे. जागतिक बँकेने २०१८ साली हिशेब मांडला की हा व्यापार २३ अब्ज डॉलरांचा आहे, तो ६७ अब्जांचा होऊ शकतो. बँकेचे औषध ठरलेले असते: अडथळे काढा. परंतु अडथळे काढण्याची पद्धत कोणती, हा खरा प्रश्न आहे. २०११ साली भारताने अविकसित शेजाऱ्यांसाठी आपली संवेदनशील वस्तूंची यादी ४८० वरून २५ वर आणली आणि बदल्यात काही मागितले नाही. एका दशकात बांगलादेशची भारताकडील निर्यात सुमारे दोन अब्ज डॉलरांपर्यंत चढली. मोठ्याने आधी दार उघडावे आणि लहानाकडून तेवढेच लगेच मागू नये, हा समतेचा नियम व्यवहारातही फळतो, हे त्यातून दिसले. पण हे औदार्य सरकारच्या मर्जीवर टांगलेले होते. २०२४ साली ढाक्यात सत्तांतर झाले, संबंध बिघडले. २०२५ च्या एप्रिलात बांगलादेशने भारतीय सुताला जमिनीवरची नाकी बंद केली, आणि मे महिन्यात भारताने बांगलादेशी कपड्यांना जमिनीवरची सर्व नाकी बंद करून फक्त कोलकाता व न्हावा-शेवा ही दोन बंदरे मोकळी ठेवली. आगरतळ्याच्या वेशीवरचा सदरा रायगडच्या किनाऱ्याला वळसा घालून यावा, ही आर्थिक नीती कोणत्या शास्त्रात बसते? प्रादेशिक संस्थेचा उपयोग नेमका येथे असतो. दोन सरकारे रुसली तरी गिरणीतली बाई आणि सीमेवरचा हमाल उपाशी राहू नये, म्हणून नियम सरकारांच्या मर्जीबाहेर ठेवावे लागतात. तक्रार ऐकणारे कोणी तिसरे असावे लागते. सार्कमध्ये ते तिसरे कोणी नाही.

धान्याची कथा तर अधिक बोलकी आहे. १९८७ साली सार्कच्या देशांनी अन्नसुरक्षा-साठ्याचा करार केला, १९८८ पासून तो अमलात आला. सुमारे दोन लाख टन धान्य. निम्म्याहून अधिक वाटा भारताचा. कल्पना अत्यंत शास्त्रशुद्ध होती. दुष्काळ वा महापूर सर्व देशांवर एकाच वर्षी येत नाही. म्हणून प्रत्येकाने स्वतःपुरते मोठे कोठार भरण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक कोठार ठेवले तर कमी खर्चात अधिक सुरक्षितता लाभते. गावोगावच्या धान्यपेढीमागचे तत्त्व हेच. पण या कोठाराला कुलूप असे घातले गेले की किल्ली कोणालाच लागू नये. संकट मोठे आणि अनपेक्षित हवे. त्यातून आपल्या राष्ट्रीय साठ्यावर निभाव लागेनासा हवा. शिवाय परकीय चलनाच्या अडचणीमुळे नेहमीच्या व्यापारातून धान्य मिळेनासे झालेले हवे. एवढे सारे सिद्ध करून मग दर ठरवायचा तो देणाऱ्याशी स्वतंत्र वाटाघाट करून! १९९१ च्या एप्रिलात चितगावच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले, सव्वा लाखाहून अधिक माणसे मेली. साठ्यातून दाणा हलला नाही. पुढेही जवळजवळ दोन दशके तो हलला नाही. २००७ च्या एप्रिलात दिल्लीच्या परिषदेत नियम सैल करून त्याचेच 'अन्नपेढी' असे नामांतर झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिदर वादळ बांगलादेशवर कोसळले, जगात तांदळाचे भाव भडकत होते, भारताने निर्यातीवर निर्बंध आणले होते. तेव्हा अन्नपेढीचा नव्हे, दिल्लीच्या मंत्र्यांच्या आश्वासनाचा आधार ढाक्याला शोधावा लागला. पाच लाख टन तांदळाचे आश्वासन मिळाले आणि मग महिनोन्महिने दराची घासाघीस चालली. भुकेल्या शेजाऱ्याशी दराची घासाघीस करून शेजारधर्माची व्याख्याने देणाऱ्यांना दक्षिण आशियाचे नेतृत्व हवे असते.

ज्या काही मोजक्या गोष्टी सार्कच्या नावाने नीट झाल्या, त्यांचा उल्लेख न करणे अन्याय होईल. थिंपूला असलेल्या सार्क विकास निधीने आपल्या आरंभीच्या कामांतच घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांचा प्रकल्प हाती घेतला. अहमदाबादच्या 'सेवा' या संघटनेचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. शेजारी देशांत विणकाम, भरतकाम, खाद्यपदार्थ करणाऱ्या बायकांच्या मालकीच्या संस्था उभ्या राहिल्या, नेपाळातील संस्था तर चांगली रुजली. गरिबांना संघटित करा हे १९९२ च्या आयोगाचे सांगणे येथे, फार छोट्या प्रमाणात का होईना, पाळले गेले. मात्र निधीचे भांडवल तुटपुंजे. तसेच विजेचे. २०१४ च्या काठमांडू परिषदेत विजेच्या देवघेवीचा चौकट-करार झाला, आणि दहा वर्षांनी, २०२४ च्या नोव्हेंबरात, नेपाळच्या नद्यांची वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला पोचली. अवघी ४० मेगावॉट! तरीही तीन देशांची एक तार जोडली गेली, आणि तीत कोणाची सार्वभौमता वाहून गेल्याचे ऐकिवात नाही.

दुसरीकडे रिझर्व्ह बँकेची चलन-अदलाबदलीची योजना आहे. २०१२ सालापासून ती सार्कच्या नावाने चालते. २०२० साली श्रीलंकेला तीतून ४० कोटी डॉलर मिळाले, २०२४ साली मालदीवला तेवढेच डॉलर आणि त्याशिवाय ३,००० कोटी रुपये मिळाले. संकटात सापडलेल्या शेजाऱ्याला नाणेनिधीच्या दारी जाण्यापूर्वी श्वास घेता यावा, हे योग्यच आहे. पण यातली गंमत ध्यानात घ्यावी. सार्क मेली असे म्हणणारी दिल्ली आपल्या कर्जाला मात्र सार्कचेच नाव देते. आणि नाव सार्कचे असले तरी पैसा एकट्या भारताचा, अटी भारताच्या, निर्णय मुंबईच्या मिंट रोडवरचा. आग्नेय आशियाने चीन, जपान व कोरिया यांना घेऊन चिआंग माई येथे २००० साली जी व्यवस्था सुरू केली तीही आरंभी दोन-दोन देशांपुरतीच होती. पुढे ती सामुदायिक झाली, २४० अब्ज डॉलरांपर्यंत वाढली, आणि तीत लहान देशाचेही मत मोजले जाते. आसियानला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने लोकशाही चिरडली तेव्हा त्या संघटनेचे दुबळेपण जगाने पाहिले. पण सहकार्य आणि सावकारी यांतला फरक तिला निदान कळतो.

प्रादेशिक संस्थेच्या अभावाची सर्वात मोठी किंमत कोण देते, याचे उत्तर आखातात सापडते. रत्नागिरीचा सुतार, केरळचा गवंडी, बिहारचा वेठबिगार, नेपाळचा डोंगरी तरुण, सिल्हेटचा शेतमजूर आणि श्रीलंकेची मोलकरीण हे सारे एकाच बाजारात आपले श्रम विकतात. विकणारे अनेक आणि विखुरलेले, घेणारे थोडे आणि एकजूट. अशा बाजारात भाव कोण ठरवणार हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. भारत सरकारने २०२० च्या सप्टेंबरात आखातात जाणाऱ्या कामगारांच्या किमान वेतनाची शिफारस ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणली. संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान व बहारीनसाठी ती २०० डॉलर ठरली. कारण दिले गेले की आपल्या माणसांचे रोजगार टिकावेत. म्हणजे सरकारनेच आपल्या माणसाच्या घामाचा भाव पाडला! ओरड झाल्यावर २०२१ च्या जुलैत ती कपात मागे घ्यावी लागली. खरे तर २०१४ च्या काठमांडू घोषणापत्रात श्रमिकांच्या स्थलांतराबाबत सहकार्य करण्याचे वचन आठही देशांनी दिले होते. सर्वांचा मिळून एकच किमान दर ठरला असता तर कोणाला कोणाच्या खाली जाण्याची गरज उरली नसती. तेलउत्पादक राष्ट्रे तेलाचा भाव एकत्र बसून ठरवतात, आणि श्रम पुरवणारी राष्ट्रे श्रमाचा भाव एकमेकांच्या पाठीत सुरा खुपसून ठरवतात.

कपड्याच्या धंद्याचे वेगळे वर्णन करावयास नको. २०१२ साली कराचीच्या बल्दिया भागातील कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार जळाले. २०१३ च्या एप्रिलात ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक मेले. खरेदीदार कंपन्यांचा व्यवहार सरळ असतो: तिरुपूरने मजुरी वाढवली तर ढाका, ढाक्याने वाढवली तर कराची. या फिरत्या चक्राला थांबवणारी खीळ एका देशाच्या कायद्यात बसवता येत नाही.

समाजवादी चळवळीला हे नवे नाही. १९५३ च्या जानेवारीत रंगूनला आशियाई समाजवादी परिषद भरली, तेव्हा भारत, ब्रह्मदेश, इंडोनेशिया, जपान यांच्याबरोबर पाकिस्तानचे समाजवादीही तेथे होते. सरकारे एकमेकांशी बोलत नसली तरी कष्टकऱ्यांचे पक्ष बोलू शकतात, हे त्यांनी गृहीतच धरले होते. डॉ. राममनोहर लोहिया भारत-पाक महासंघाचा आग्रह अखेरपर्यंत धरीत राहिले. १२ एप्रिल १९६४ रोजी त्यांनी त्या अर्थाचे संयुक्त पत्रक काढले ते दीनदयाळ उपाध्याय यांच्यासमवेत. आज उपाध्यायांच्या तसबिरीला हार घालून पाकिस्तानशी शब्दही बोलू नये असे सांगणाऱ्यांनी ते पत्रक एकदा उघडून वाचावे. पुढच्या काळात मात्र आपल्याकडच्या डाव्या व समाजवादी मंडळींनी सार्क म्हणजे नोकरशहांचे चहापान अशी टिंगल करून तो विषय सोडून दिला, आणि सोडलेली जागा चेंबरवाल्यांनी भरली. आता जागाच रिकामी आहे. २०२५ च्या जूनमध्ये कुनमिंगला चीन, पाकिस्तान व बांगलादेश यांचे प्रतिनिधी एकत्र बसले, त्यावर दिल्लीत केवढा गहजब झाला! आपणच दार लावून घेतलेल्या घरासमोर दुसऱ्याने मांडव घातला तर तक्रार कोणाकडे करावयाची?

पहलगामच्या मारेकऱ्यांना शासन झालेच पाहिजे, आणि त्यासाठी शिखर परिषद तूर्त न भरली तरी चालेल. संघटनेत शिखर परिषदेखेरीज मंत्रिपरिषद आहे, स्थायी समिती आहे, तांत्रिक समित्या आहेत, निधी आहे, अन्नपेढी आहे. अन्नपेढीच्या अटी काढून टाकाव्यात आणि दर आधीच ठरलेला असावा, विकास निधीचा सामाजिक भाग वाढवावा, कामगार महासंघाला चेंबरच्या बरोबरीचा दर्जा द्यावा, आखातासाठी एक किमान वेतन ठरवावे, आणि मच्छीमारांना अटक न करता बोट परत फिरवण्याचा समान नियम करावा, या मागण्यांना पंतप्रधानांची हस्तांदोलने लागत नाहीत. त्यांना लागतात त्या कामगार संघटना, महिला संघटना आणि मच्छीमार सोसायट्या, ज्यांची ढाक्यातल्या, काठमांडूतल्या आणि कराचीतल्या आपल्या जोडीदारांशी आजही ओळख आहे. पालघरच्या सोसायट्यांनी आपल्या कैद खलाशांची नावे, बोटींचे क्रमांक आणि पकडल्याच्या तारखा यांची यादी करून ती संसदेत मांडण्याचा आग्रह आपल्या खासदाराकडे धरावा. कराचीच्या कोळ्यांची तशीच यादी त्यांच्या लोकप्रतिनिधींकडे जाऊ शकते. १ जानेवारी आणि १ जुलै या तारखा ठरलेल्याच आहेत.